बॅशआरसीची जहागीर

शनिवारी सकाळी पोह्यांवर ओलं खोबरं पेरत होतो, तेवढ्यात भाच्याचा फोन.

"मामा, तुझी बॅशआरसी पाठव ना मला."

"अरे, टूथब्रश मागतोयस का माझा? तुझी कुठे गेली?"

"आहे रे माझ्याकडे. म्हणजे आमच्या सीनियरची आहे. पण बिल्ड होत नाहीये. म्हटलं तुझी टाकून बघू."

तर मंडळी, आजचा लेख या संवादाबद्दल आहे आणि तो चिडून लिहिलेला आहे हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना वीकेंडला सौम्य काहीतरी वाचायचंय त्यांनी इथूनच रजा घ्यावी.

भाचा बी.ई. होऊन हिंजवडीतल्या एका कंपनीत लागलाय. तिसरा आठवडा चालू आहे. सी आणि सी++ मधला जुना, अवाढव्य प्रोजेक्ट. पहिल्या दिवशी लॅपटॉप मिळाला, दुसऱ्या दिवशी सोर्स कोड मिळाला, आणि तिसऱ्या दिवशी सीनियरने मेलमधून स्वतःची बॅशआरसी पाठवली. "ही होम फोल्डरमध्ये टाक, टर्मिनल नवीन उघड, मेक मार. फार विचार करू नकोस." (ज्यांचा या प्रकाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी: लिनक्सवर टर्मिनल उघडलं की बॅश नावाचा शेल आधी ही फाइल वाचतो आणि त्यात लिहिलेली सगळी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स मांडून ठेवतो. म्हणजे कंपायलर कुठला, लायब्ररी कुठे, पर्याय कोणते वगैरे.) याने विचार केला नाही, मेक मारलं, चारशे एरर आल्या. सीनियर आला, उभ्या उभ्या याच्या कीबोर्डवर दोन ओळी बडवल्या, बिल्ड झाली, सीनियर गेला. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप चालू केला तर पुन्हा चारशे एरर.

"मामा, मला वाटतं मला हे जमत नाहीये. बाकी सगळ्यांचं होतंय."

हे वाक्य ऐकलं आणि माझी सटकली. भाच्यावर नाही. हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलंय आणि तेव्हा ते माझ्यामुळे बोललं गेलं होतं. त्याकडे येतोच.

आधी भाच्याचं कोडं, कारण ते पाच मिनिटांचं आहे आणि तरीही तीन आठवड्यांत कुणीही त्याला ते समजावून सांगितलं नव्हतं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल हा प्रकार युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, १९७९ साली आला. कल्पना साधी आणि सुंदर. प्रत्येक प्रोसेसकडे नाव आणि किंमत अशा जोड्यांची एक यादी असते, आणि ती नवीन प्रोसेस सुरू करते तेव्हा त्या यादीची एक प्रत पोराच्या हातात देते. प्रत, बरं का. पोराने त्यात काही बदललं तर बापाला पत्ता लागत नाही, आणि शेजारच्या टर्मिनलला तर नाहीच नाही. सीनियरने बडवलेल्या दोन ओळी त्या एका टर्मिनलपुरत्या होत्या. टर्मिनल बंद, मोक्ष. यात पोराच्या बुद्धीचा संबंध कुठे आला?

पण एका माणसाला दुसऱ्याची मांडणी कळू न देण्यासाठी हा प्रकार किती सोयीचा आहे बघा. होम फोल्डर कुठलं, टर्मिनल कोणत्या जातीचं, भाषा कोणती असल्या वैयक्तिक आवडीनिवडींसाठी केलेली सोय आपण प्रोग्रॅम बांधण्यासाठी वापरायला लागलो. सोर्स कोड रेपॉझिटरीत, त्याच्या प्रत्येक ओळीचा इतिहास ठेवलेला, दोन-दोन माणसांचे रिव्ह्यू, एका स्वल्पविरामावरून वाद. आणि त्याच कोडचं शेवटी काय बनणार हे ठरवणाऱ्या ओळी मात्र कुणाच्या तरी घरच्या कपाटात, नावात आधी टिंब असल्याने साध्या यादीत न दिसणाऱ्या फाइलीत! माझं म्हणणं स्पष्ट आहे. जी सेटिंग रेपॉझिटरीत नाही ती सेटिंग नव्हे, ती जहागीर आहे. आणि जहागीरदाराला ती सोडायची नसते.

आता मेक कसं वागतं ते बघा. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये लिहिलेलं हे हत्यार आपण अजून वापरतोय, आणि ते वाईट अजिबात नाही. पण मेक सुरू होताना तुमच्या एन्व्हायर्नमेंटमधलं जवळजवळ प्रत्येक व्हेरिएबल स्वतःचं म्हणून उचलतं. मेकफाइलमध्ये त्याच नावाला साध्या बरोबर-चिन्हाने किंमत दिली असेल तर मेकफाइल जिंकते. प्रश्नचिन्ह लावून बरोबर-चिन्ह दिलं असेल तर एन्व्हायर्नमेंट जिंकते. कमांड लाइनवर दिलं तर ती दोघांनाही हरवते. म्हणजे 'सीफ्लॅग्ज' नावाचं एकच व्हेरिएबल तीन ठिकाणी लिहिता येतं आणि कोण जिंकणार हे एका प्रश्नचिन्हावर ठरतं. सीमेक घेतलंत तर वेगळीच गंमत. ते एन्व्हायर्नमेंटमधले सीफ्लॅग्ज फक्त पहिल्यांदा कॉन्फिगर करताना वाचतं आणि स्वतःच्या कॅश फाइलीत लिहून ठेवतं. नंतर तुम्ही एक्स्पोर्ट करकरून दमलात तरी त्या बिल्ड फोल्डरपुरतं ते ढुंकून बघत नाही. किती जणांनी "मी फ्लॅग बदलला, काही फरक पडत नाही" असं म्हणून फ्लॅगलाच निकामी ठरवलंय, याची मला मोजदाद ठेवता आली नाही. मी स्वतः त्यात आहे.

असो. आता ती कबुली.

२००७ ची गोष्ट. मी तेव्हा पाचेक वर्षं मुरलेला, टीममध्ये बिल्ड म्हणजे मी असं समीकरण. कुणाची बिल्ड अडली की मला हाक, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. चहाला जाताना तीन जण मागे. सांगलीहून एक मुलगी नवीन आली. हुशार, पण बुजरी. तिची बिल्ड अकरा दिवस होत नव्हती. मी सवयीने माझी बॅशआरसी पाठवली. एकशे वीसच्या आसपास ओळी असतील, त्यातल्या निम्म्या कशासाठी आहेत हे मलाही आठवत नव्हतं. चौदाव्या ओळीत लायब्ररीचा पत्ता होता, आणि तो पत्ता माझ्या स्वतःच्या होम फोल्डरचा होता. आमचे होम फोल्डर नेटवर्कवर, सगळ्यांना दिसणारे. त्यामुळे तिची बिल्ड झाली. ती मला थँक्यू म्हणाली. मीही "अगं त्यात काय" म्हणालो.

चार महिन्यांनी मी दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलो, मशीन बदललं, आणि सिस्टिम अॅडमिनने नेमाने माझं जुनं फोल्डर उडवलं. त्या लायब्ररीच्या हेडर फाइली सामाईक ठिकाणी होत्या, त्या राहिल्या. लायब्ररी गेली. आता बिल्ड तरी तुटायची ना! पण नाही. मशीनवर त्याच नावाची एक जुनी लायब्ररी होती, लिंकरने ती निमूटपणे उचलली. हेडर नवीन, लायब्ररी जुनी. एका स्ट्रक्चरमध्ये एक फील्ड जास्त. कोड बांधला जायचा, चालायचा, आणि वीसेक मिनिटांनी कुठेतरी भलतीकडेच कोसळायचा. डिलिव्हरी दोन दिवसांवर होती. शेवटचा बदल तिचा होता. मॅनेजर तिला सगळ्यांदेखत जे बोलला ते इथे लिहीत नाही. मला त्या दुपारीच शंका आली होती. चौदावी ओळ डोळ्यांपुढे आली होती. मी संध्याकाळपर्यंत गप्प बसलो, मग गुपचूप जाऊन लायब्ररी एका सामाईक फोल्डरमध्ये ठेवली आणि तिला "आता बघ" एवढंच म्हणालो. झालं, चाललं. मॅनेजरला मी काही सांगितलं नाही.

तीन महिन्यांनी तिने राजीनामा दिला. निरोपाच्या वेळी म्हणाली, "मला सी++ जमत नाही बहुतेक. बाकी सगळ्यांचं होत होतं."

म्हणून म्हणतो, बॅशआरसी मेलने पाठवणं ही मदत नाही. त्यातून प्रश्न सुटत नाही, तो फक्त पाठवणाऱ्याच्या नजरेआड जातो. आणि पुढे तो फुटतो तेव्हा बळी नेहमी नवखाच जातो, कारण त्याच्याकडे "पण हे असं का?" विचारायची ऐपत नसते. जुन्या उस्तादांबद्दल सांगतात की घराण्याबाहेरच्याला चीज पूर्ण देत नसत, अंतरा मागे ठेवत. त्यांच्या पोटापाण्याचा तरी प्रश्न होता. आपल्याला कसली भीती आहे?

आता भाच्याच्या फाइलीकडे वळू. त्याने ती मला पाठवली (त्यात गुपित काही नव्हतं, हे आधी नीट बघून घेतलं). एकसष्ट ओळी. त्यातले तीन पत्ते कंपनी सोडून गेलेल्या माणसाच्या फोल्डरचे. म्हणजे आमची परंपरा व्यवस्थित चालू आहे. आणि सगळ्यात वर सीफ्लॅग्ज: ओ-३, मार्च-नेटिव्ह, फास्ट-मॅथ आणि लहान लिपीतला डब्ल्यू. भाच्याला विचारलं, हे काय आहे रे? म्हणाला, "फास्ट चालावं म्हणून असतं ना ते?" बरोबरच आहे, सगळ्यांना एवढंच माहीत असतं. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी सांगतील तिथे अक्षता टाकाव्यात तसे आपण फ्लॅग टाकतो.

मार्च-नेटिव्ह घ्या. यातला मार्च म्हणजे महिना नव्हे, मशीन आर्किटेक्चर. याचा अर्थ "ज्या मशीनवर बांधतोयस त्याच्या प्रोसेसरला जे जे येतं ते सगळं वापर." तुमच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपच्या प्रोसेसरला जे येतं ते ग्राहकाच्या आठ वर्षं जुन्या सर्व्हरला येईलच असं नाही. तिथे प्रोग्रॅम 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून जागीच मरतो. आणि गंमत म्हणजे तुमच्या मशीनवर तो कधीच मरणार नाही, कारण त्याचं मोजमाप तुमच्याच मशीनवर घेतलंय. "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे वाक्य इतक्या शब्दशः कुठल्याही दुसऱ्या फ्लॅगने खरं केलेलं नाही.

फास्ट-मॅथ त्याहून लबाड. हा फ्लॅग कंपायलरला वचन देतो की या प्रोग्रॅममध्ये 'नॅन' किंवा अनंत असल्या किमती येणारच नाहीत. कंपायलर तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतो. मग तुम्ही काळजीने लिहिलेली "ही किंमत नॅन आहे का?" ही तपासणी त्याला निरर्थक वाटते आणि तो ती काढून टाकतो. आमच्याकडे एकदा अहवालात रकमेच्या जागी 'नॅन' छापून ग्राहकापर्यंत गेलं. कोडमध्ये तपासणी ठळक दिसत होती, दोन जणांनी रिव्ह्यू केलेली. बायनरीत ती नव्हतीच. आणि हे तुमच्या प्रोग्रॅमपुरतं राहतं असंही नाही. जीसीसीमध्ये कित्येक वर्षं असं होतं की फास्ट-मॅथ देऊन एखादी शेअर्ड लायब्ररी लिंक केली, की ती नुसती लोड झाली तरी अख्ख्या थ्रेडची अतिसूक्ष्म दशांश संख्या हाताळायची पद्धत बदलायची, त्या अंकांचं सरळ शून्य व्हायचं. २०२२ मध्ये एका संशोधकाने शोधून काढलं की पायथनची काही लोकप्रिय पॅकेजेस याच कारणाने दुसऱ्यांची गणितं बिघडवतायत. नेटवर्किंगचं पॅकेज इम्पोर्ट करा आणि तुमच्या गणिताच्या लायब्ररीचं उत्तर बदलेल! जीसीसीने शेअर्ड लायब्ररींसाठी हे वागणं तेराव्या आवृत्तीत, २०२३ मध्ये बंद केलं. कुणीतरी कधीतरी "फास्ट आहे ना, टाका" म्हणून टाकलेला एक शब्द, बस्स.

आणि तो लहान डब्ल्यू. याचा अर्थ सगळ्या वॉर्निंग बंद. एकही दाखवू नकोस. याबद्दल मला खरंच राग आहे. सी भाषेत पूर्वी फंक्शन आधी जाहीर न करता वापरलं तर कंपायलर गृहीत धरायचा की ते इंट परत देतं. १९९९ च्या स्टँडर्डने ही सवलत काढली, पण कंपायलर जुन्या कोडच्या दयेपोटी नुसती वॉर्निंग देत राहिले. आता ते फंक्शन खरं तर पॉइंटर परत देत असेल तर? ६४ बिटी मशीनवर पॉइंटर ६४ बिटांचा, इंट ३२ चा. वरचे ३२ बिट कापले जातात. बऱ्याचदा काहीच होत नाही, कारण पत्ता मुळात लहान असतो. मग पुढे लिनक्स डिस्ट्रिब्युशन्स पीआयई हा सुरक्षेचा पर्याय मुळातच चालू ठेवायला लागल्या, पत्ते उंचावर गेले, आणि दहा वर्षं "स्टेबल" असलेला कोड धडाधड कोसळायला लागला. कंपायलर पहिल्या दिवसापासून सांगत होता. आपण त्याच्या तोंडावर हात ठेवला होता. शेवटी २०२४ मध्ये जीसीसीच्या चौदाव्या आवृत्तीने ही वॉर्निंग सरळ एरर केली. भाच्याच्या चारशे एररमधल्या निम्म्याहून जास्त याच जातीच्या निघाल्या, कारण त्याला मिळालेला लॅपटॉप नवा, त्यावरचा जीसीसी नवा, आणि सीनियरचा जुना. त्या दोन ओळींपैकी एक जुन्या कंपायलरकडे बोट दाखवणारी होती. हे कुणी सांगितलं असतं तर पोरगा तीन आठवडे स्वतःला मठ्ठ समजत बसला नसता.

दुसरी ओळ लायब्ररीच्या पत्त्याची, 'एलडी लायब्ररी पाथ'ची. सगळीकडे दिसते तशीच: नवा पत्ता, मग विसर्गासारखा कोलन, मग त्या व्हेरिएबलची जुनी किंमत. आता जुनी किंमत रिकामी असेल तर शेवटी नुसता कोलन लोंबकळतो. आणि कोलनच्या पुढे काही नसेल तर त्याचा अर्थ होतो "सध्याचं फोल्डर". म्हणजे तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे आहात तिथे त्या नावाची लायब्ररी पडलेली असेल तर ती उचलली जाईल. कुणी ठेवलीये, का ठेवलीये, विचारायचं नाही. हा एक कोलन मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की आता दिसला की पोटात गोळा येतो. उपायही बॅशमध्येच आहे, जुनी किंमत असेल तरच कोलन लावायची सोय आहे. पण खरा उपाय म्हणजे हे व्हेरिएबल बिल्डच्या भानगडीत वापरूच नये. लायब्ररी कुठे शोधायची हे बायनरीतच रनपाथ म्हणून, बायनरीच्या स्वतःच्या जागेच्या संदर्भाने लिहून ठेवता येतं.

"अहो, फ्लॅगबिग ठीक आहे, पण एवढं काय आकाश कोसळतंय?" असं म्हणणारे आहेत. त्यांच्यासाठी दोन जुन्या गोष्टी.

डेबियनमध्ये २००६ साली ओपनएसएसएलच्या देखभाल करणाऱ्याला मेमरी तपासणाऱ्या हत्यारांच्या वॉर्निंग त्रास देत होत्या. न भरलेली मेमरी वाचली जातेय, अशा. कारणीभूत ओळी दोन. त्यातल्या एकीसाठी ओपनएसएसएलमध्ये आधीपासूनच कंपाइल करताना द्यायचा एक पर्याय होता, 'प्युरिफाय' नावाचा, खास असल्या तपासणीसाठी. दुसरी ओळ दिसायला तशीच, पण तिला हा पर्याय नव्हता, कारण यादृच्छिक संख्यांच्या साठ्यात खरा ऐवज तीच टाकत होती. दोन्ही काढल्या गेल्या. वॉर्निंग गेल्या. मे २००८ मध्ये उघड झालं की मधल्या काळात डेबियन आणि उबुंटूवर तयार झालेल्या किल्ल्यांमध्ये यादृच्छिक म्हणावं असं उरलं होतं ते फक्त प्रोसेसचा नंबर, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. जगभरच्या सर्व्हरच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. हेतू वाईट नव्हता हो. वॉर्निंग गप्प करायची होती, एवढंच.

दुसरी गोष्ट ताजी. एक्सझेड, मार्च २०२४. त्यात मागचं दार कसं बसवलं ते आठवा. मुख्य सी कोडमध्ये उघड काहीच नव्हतं. बिल्डच्या वेळी चालणाऱ्या एका एम-४ स्क्रिप्टमध्ये होतं, आणि ती स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हती, फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये होती. ती बघायची की आपण डेबियनचं पॅकेज बांधतोय का, किंवा आरपीएमचं. आणि आरपीएमसाठी ती चक्क एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचायची. तुम्ही घरी साधी बिल्ड केली असती तर काहीही दिसलं नसतं. त्याच प्रोजेक्टच्या सीमेक फाइलीत लँडलॉक नावाची सुरक्षेची सोय या मशीनवर आहे का हे तपासणारा छोटा प्रोग्रॅम होता, त्यात कुणीतरी एक टिंब टाकून ठेवलं होतं. नुसतं एक टिंब! त्यामुळे तो प्रोग्रॅम कधीच कंपाइल होत नसे, आणि सीमेक प्रामाणिकपणे ठरवायचं की ही सोय इथे उपलब्ध नाही. हे सगळं बाहेर आलं ते आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या माणसाला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं म्हणून. हल्लेखोराला बरोबर ठाऊक होतं की कोड सगळे वाचतात आणि बिल्डची फाइल कुणीच वाचत नाही. तुम्ही शेवटचं कॉन्फिगर स्क्रिप्ट कधी वाचलं होतं? मीही नाही.

यावर हमखास उत्तर येतं: "आम्ही डॉकर वापरतो." छान. डॉकरफाइल रेपॉझिटरीत असेल, त्यातल्या पायऱ्या वाचता येत असतील, आणि वर्षाने ती पुन्हा चालवून तेच मिळत असेल, तर माझा तुम्हाला नमस्कार. पण मी बघितलेली निम्मी प्रकरणं अशी की कुणीतरी कंटेनरमध्ये शिरून हाताने सगळं बसवलं, त्याचं चित्र काढून रजिस्ट्रीत ढकललं, नाव ठेवलं 'लेटेस्ट', आणि नोकरी सोडली. जहागीर तीच, फक्त आता डब्यात सीलबंद.

दुसरं उत्तर येतं की पासवर्ड, सर्व्हरचे पत्ते वगैरे एन्व्हायर्नमेंटमध्येच ठेवावेत असं शहाणी माणसंच सांगतात. सांगतात, आणि बरोबर सांगतात. २०११ च्या सुमारास हेरोकूच्या लोकांनी लिहिलेल्या 'बारा घटकां'त ते आहे. पण ते प्रोग्रॅम चालवतानाचं, जिथे एकच बांधलेली वस्तू वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायची असते. मी बोलतोय ती वस्तू बांधतानाचं. बांधतानाच जर ती माणसागणिक बदलत असेल तर टेस्ट कशाची केलीत?

तिसरं उत्तर कुणी तोंडाने देत नाही, पण खरं तेच आहे: वेळ नाही. डिलिव्हरी आहे. नव्याला फाइल पाठवायला तीस सेकंद लागतात, बिल्ड साफ करायला आठवडा. कबूल. पण तो आठवडा तुम्ही वाचवत नाही आहात, दर नव्या माणसाकडून दोन-तीन आठवडे वसूल करताय, आणि वर त्याला ते स्वतःचं अपयश वाटायला लावताय. त्याच्या टाइमशीटवर ते 'लर्निंग' म्हणून जातं.

तर भाच्याला घरीच बोलावलं. पोहे गार झाले होते, पुन्हा गरम केले. दोघं बसलो. सगळ्यात आधी त्याला 'एन्व्ह' ही आज्ञा 'आय' हा पर्याय लावून शिकवली, म्हणजे पूर्ण रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये प्रोग्रॅम चालवायचा. फक्त पाथ आणि होम दिलं आणि मेक मारलं. तुटलं. पहिली एरर वाचली, नुसती वाचली, घाई न करता. ती जे मागत होती ते मेकफाइलमध्ये लिहिलं आणि शेजारी टीप टाकली की हे का लागतं. पुन्हा मेक. असं दुपारी तीनपर्यंत. एकसष्टपैकी नऊ ओळी खरोखर लागत होत्या. बाकीच्या बावन्न कुणाच्या तरी आठवणी होत्या, एक तर २०११ सालच्या कुठल्याशा डेटाबेसच्या क्लायंटची. लहान डब्ल्यू काढला, त्याजागी ऑल आणि एक्स्ट्रा या दोन्ही वॉर्निंग चालू केल्या (नावात ऑल असलं तरी त्यात सगळ्या येत नाहीत, ही जीसीसीची आणखी एक खोड). हजारभर वॉर्निंग आल्या तेव्हा पोराचा चेहरा बघण्यासारखा होता. वॉर्निंगना एरर मानण्याचा पर्याय मात्र लावू दिला नाही. तो आपल्या स्वतःच्या सीआयवर ठीक आहे, पण दुसऱ्याला कोड देताना लावला तर उद्या नवा कंपायलर एक नवी वॉर्निंग शिकेल आणि त्या बिचाऱ्याची बिल्ड तुमच्यामुळे बंद पडेल. मार्च-नेटिव्हच्या जागी ग्राहकाकडे जो सगळ्यात जुना प्रोसेसर असेल त्याचं नाव घालायचं ठरलं. तो कुठला हे टीममध्ये कुणालाच माहीत नव्हतं, असं त्याने दोन-तीन फोन करून मला सांगितलं.

अघोषित फंक्शनच्या दोनशे आठ एरर त्याने एकट्याने निस्तरल्या. बहुतेक ठिकाणी एक हेडर फाइल जोडायची राहिली होती, एवढंच. सहा ठिकाणी मात्र पॉइंटर खरोखर कापला जात होता. त्या सहापैकी एका जागेबद्दल ग्राहकाची दोन वर्षं जुनी तक्रार उघडी आहे, 'रिप्रोड्यूस होत नाही' असा शेरा मारलेली. हे त्याला सोमवारी ऑफिसला गेल्यावर कळलं.

पॅच त्याने सोमवारीच पाठवला. सीनियरचं उत्तर एका ओळीचं होतं: "चालतंय ते कशाला छेडतोस?"

मी त्याला त्या जुन्या तक्रारीचा नंबर पॅचच्या पहिल्या ओळीत टाकून, मॅनेजरला कॉपी ठेवून पुन्हा पाठवायला सांगितलंय. त्याला जरा भीती वाटतेय, प्रोबेशनवर आहे. शुक्रवार रात्रीपर्यंत पाठवलेला नव्हता.